साठीनंतरची ओपन जिम: कोणत्या यंत्रावर बसावं, कोणतं सोडून द्यावं

साठी ओलांडलेल्या माणसाला ओपन जिममधलं सगळ्यात उपयोगाचं यंत्र म्हणजे लेग प्रेस. पण सकाळी नंबर लागतात ते एअर वॉकर आणि ट्विस्टरवर. जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार, कुठल्याही कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये आता ही निळी-पिवळी यंत्रं उभी दिसतात. फी नाही, नाव नोंदवायचं नाही आणि शिकवणाराही कोणी नाही. तरुण पोरं काहीही करून निभावून नेतात. आबा, नाना, जिजी यांच्या शरीराला मात्र चुकीचं यंत्र निवडणं परवडत नाही. म्हणून हे परीक्षण फक्त त्यांच्या दृष्टीने, एकेक यंत्र घेऊन.

आधी वय नेमकं काय काढून घेतं ते बघू, कारण यंत्राची किंमत त्यावरच ठरते. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्के घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद स्नायूंच्या आकारापेक्षा लवकर जाते. त्याहूनही लवकर जातो तो झटका, म्हणजे ताकद पटकन लावता येणं. ओट्यावरून उतरताना पाय अडखळला तर दुसरा पाय क्षणात पुढे पडावा लागतो. हे काम करणारे जलद स्नायूतंतू म्हातारपणी आधी बारीक होतात, म्हणून चालताना ठणठणीत दिसणारा माणूसही साध्या उंबऱ्याला अडकून पडतो. दमसास बैठ्या माणसात दर दशकाला सुमारे १० टक्के कमी होतो, हालचाल ठेवणाऱ्यात ही घट निम्म्यावर येऊ शकते. बायकांची हाडं पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत झपाट्याने विरळ होतात. तोलही जातो, कारण नजर, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि तळपायाची जाणीव ही तिन्ही एकाच वेळी मंदावतात.

यातला दमसास चालण्याने सांभाळला जातो. ताकद, झटका आणि तोल चालण्याने पुरेसे सांभाळले जात नाहीत. जळगावच्या मेहरूण तलावाला रोज फेरी मारणारा माणूस पंगतीत मांडी घालून बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठू शकत नाही, असं सर्रास दिसतं, त्याचं कारण हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आहेच, पण त्यासोबत किमान दोन दिवस ताकदीचा आणि किमान तीन दिवस तोल व ताकद दोन्हींचा व्यायाम स्वतंत्रपणे सांगितला आहे. आणि उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं काही कारण नाही. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धाश्रमातल्या सरासरी ९० वर्षांच्या दहा जणांनी आठ आठवडे पायांना वजनाचा व्यायाम केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

आता लेग प्रेस. खुर्चीसारख्या सीटवर बसायचं, समोरच्या पट्टीवर पाय टेकायचे आणि ढकलायचं. पट्टी हलत नाही, आपली सीटच मागे-वर उचलली जाते. म्हणजे वजन आपलंच. त्याचा ठरावीक हिस्सा आपण उचलतो आणि तो हिस्सा दांड्यांच्या लांबीवर ठरलेला असतो. बंद जिमसारखी पिन बदलून वजन कमी-जास्त करता येत नाही. ही या यंत्राची सगळ्यात मोठी उणीव. पण तिच्यावर उपाय आहे आणि तो पद्धतीत आहे.

पाठ पूर्ण टेकवून बसा. पाय खांद्याइतके फाकलेले, टाचा पट्टीवर पक्क्या. टाच उचलली गेली की सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवा, आत झुकू देऊ नका. बायकांमध्ये हे जास्त होतं आणि नंतर ‘लेग प्रेसने गुडघा दुखला’ अशी तक्रार येते. ढकलताना श्वास सोडा. श्वास कोंडून ढकललं की रक्तदाब एकदम चढतो. पाय सरळ होत आले की थांबा, गुडघा खटकन लॉक करू नका. मग परत येताना मनात एक-दोन-तीन मोजत सावकाश या. बहुतेक जण इथेच चुकतात. ढकलतात जोरात आणि येताना सीट सोडून देतात, ती धाडकन आपटते, कमरेला हिसका बसतो आणि निम्मा फायदाही जातो, कारण स्नायू ताणला जात असताना वजन पेलणं हीच जिना उतरतानाची ताकद.

सुरुवातीला दहा-दहाचे दोन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. पंधरा सहज होऊ लागले की वेळा वाढवत पन्नासवर नेऊ नका. त्याने ताकद वाढत नाही, फक्त दमायला होतं. त्याऐवजी दोन्ही पायांनी ढकला आणि परत येताना एकाच पायावर या. तेही जमलं की एका पायाने ढकला. तिसरी पायरी झटक्यासाठी: ढकलताना वेगात, येताना सावकाश, सहा ते आठ वेळा. गुडघ्याची झीज असेल तर सीट पूर्ण पुढे येऊ न देता अर्ध्या वाकलेल्या गुडघ्यापासून सुरुवात करा. हलकं दुखणं दुसऱ्या दिवशी उतरत असेल तर चालेल. सूज आली किंवा रात्री ठणका लागला तर गुडघा आणखी कमी वाकवा. दहापैकी नऊ गुण, एक कापला तो बदलत्या वजनाच्या सोयीअभावी.

लेग प्रेस मोडलेला असेल, आणि बऱ्याच ठिकाणी असतोच, तर शेजारचा सिमेंटचा बाक त्याचं काम करतो. हात छातीवर घडी घालून उठा-बसा. बाक साधारण १७-१८ इंच उंच असावा. बुटका असेल तर आधी हाताचा आधार घ्या. याच बाकावर आपली परीक्षाही होते: ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयात पुरुषाला १२ आणि बाईला ११ पेक्षा कमी जमत असेल, तर पाय कमजोर झालेत आणि पडण्याचा धोका वाढलाय असं समजतात. सत्तरी ते ७४ मध्ये हे आकडे १२ आणि १०. दुसरी परीक्षा पाचच वेळा उठण्या-बसण्याची. त्याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार स्नायू झिजल्याची शंका घ्यावी. दर महिन्याला एकदा मोजून वहीत लिहावं. साखरेचा आकडा लिहितो तसाच हाही.

पुलरला, म्हणजे वरचे दांडे खाली ओढायच्या यंत्राला, दुसरा नंबर. वय झालं की पाठ गोल होते, खांदे पुढे येतात. ते धरून ठेवणाऱ्या पाठीच्या स्नायूंना दुसरं कुठलंही यंत्र इतकं काम देत नाही. इथेही उचललं जातं ते आपलंच वजन, त्यामुळे बऱ्याच बायकांना पहिल्या दिवशी सीट हलतच नाही. त्यांनी पाय जमिनीवर घट्ट ठेवून पायाने थोडी मदत करावी आणि दर आठवड्याला ती मदत कमी करावी. हात खांद्यावर फेकल्यासारखे वर न्यायचे नाहीत. बसूनच दांडा हाताला लागत नसेल तर उभं राहून दांडा धरून मग बसावं, किंवा कोणाला तरी खाली ओढून धरायला सांगावं. लटकून हिसका दिला तर खांद्याचा आधीच झिजलेला स्नायूबंध फाटू शकतो. चेस्ट प्रेस याचंच उलटं: ढकलायचं. चांगलं यंत्र आहे, पण पुलरच्या दोन सेटमागे त्याचा एकच पुरे, नाहीतर खांदे आणखी पुढे ओढले जातात.

मोठं गोल चाक फिरवायचं शोल्डर व्हील दिसायला किरकोळ, पण मधुमेह्यांसाठी मोलाचं. मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. केस विंचरायला किंवा मागे पदर खोचायला हात जात नाही अशी सुरुवात होते. चाकाकडे तोंड करून, एका हाताने, सावकाश, आधी छोटं वर्तुळ. दुखण्याच्या अलीकडे थांबायचं. दोन्ही दिशांना दहा-दहा. दुखणं दाबून जोरात फिरवलं तर आखडलेला खांदा आणखी सुजतो.

आणि ज्यांच्याकडे म्हातारी माणसं बघतही नाहीत ते पॅरलल बार. पोरं त्यावर डिप्स मारतात म्हणून ते आपलं नाही असा समज झाला आहे. तोल सुधारायला याहून चांगली जागा बागेत नाही, कारण दोन्ही बाजूंना धरायला दांडे असतात. दोन दांड्यांच्या मध्ये उभं राहा. आधी दोन्ही हात दांड्यावर ठेवून टाचा उचला, वर दोन सेकंद थांबा, सावकाश खाली, १५ वेळा. मग एका पायावर उभं राहा: सुरुवातीला हात टेकून, नंतर एक बोट, नंतर हात दांड्याच्या वर अधांतरी. आधाराशिवाय दहा सेकंद जमत नसेल तर रोज सराव हवाच. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत दांड्यांमधून चाला आणि तसंच मागे या. दांडे खूप उंच असतील तर बाकाची पाठ धरून हेच करता येतं.

एअर वॉकरवर लोकांचा जीव आहे. खांद्याइतक्या उंचीचा दांडा धरायचा, दोन पट्ट्यांवर पाय ठेवायचे आणि हवेत ढांगा टाकायच्या. बरं वाटतं, सांध्यांवर आदळआपट होत नाही, आखडलेला खुबा मोकळा होतो. तक्रार एवढीच की त्यात भार नाही. एकदा लय लागली की पाय झोक्यासारखे आपोआप जातात-येतात. पोटरीला जमीन ढकलावी लागत नाही, हाडावर चालण्याइतका भार येत नाही, तोल दांड्याने सांभाळलेला असतो. अर्धा तास झुलून घाम येतो तो जळगावच्या उन्हाचा. पाच मिनिटं अंग गरम करायला वापरा आणि उतरा. चढता-उतरताना खरा धोका आहे: एक पाय पट्टीवर ठेवला की ती पुढे सरकते आणि माणूस फाकतो. आधी दोन्ही हातांनी दांडा पकडा, जवळची पट्टी पायाने थांबवून धरा, मग दुसरा पाय. उतरताना झोका पूर्ण थांबल्याशिवाय पाय जमिनीवर नको. ढांग गुडघाभर पुरे. मोठ्या ढांगेत कंबर मागे मोडते. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढू नये. दहापैकी चार.

ट्विस्टरला मी दोनपेक्षा जास्त देणार नाही. फिरत्या चकतीवर उभं राहून कंबर डावी-उजवी फिरवायची, याने पोट उतरतं अशी पक्की समजूत आहे. एका जागेची चरबी त्या जागेच्या हालचालीने जळत नाही. उलट कमरेचे पाच मणके मुळात पिळायला बनलेलेच नाहीत, एकेका मणक्यात एक-दोन अंशांचीच फिरकी असते. खांदे दांड्याला घट्ट धरून खालचं अंग झटक्याने फिरवलं की तो पीळ मणक्यांमधल्या गाद्यांवर आणि विरळ झालेल्या हाडांवर येतो. उसण भरण्याचं हे नेहमीचं कारण. ज्यांच्या तळपायांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा आहे त्यांना चकतीवरून उतरताना ती थांबलीय की नाही हेही नीट कळत नाही. सिट-अपच्या तिरप्या फळीलाही तोच न्याय. हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांवरच्या १९८४ च्या एका अभ्यासात पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांना मणक्याचे नवे दबलेले फ्रॅक्चर आढळले, पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्क्यांना. अभ्यास छोटा होता, पण फरक इतका मोठा की जिजींनी त्या फळीवर जाऊच नये.

बाकीची यंत्रं थोडक्यात. सायकल गुडघ्यांना चांगली, पण तिला जोर लावावा लागेल असा ब्रेक बहुधा नसतो. क्रॉस ट्रेनर, म्हणजे हात आणि पाय एकत्र पुढे-मागे न्यायचं यंत्र, तोल पक्का असलेल्यांनीच. वल्हवल्यासारखे दांडे ओढायच्या रोवरची सीट इतकी खाली की बसताना पाठ गोल होते आणि उठणं हाच व्यायाम होऊन बसतो. पेंड्युलमसारखी झुलणारी फळी साठीनंतर नको.

यंत्रावर बसण्याआधी ते तपासायला अर्धं मिनिट लागतं, ते द्यावं. खांब दोन्ही हातांनी हलवून बघा. तापीखोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर एक-दोन वर्षांत यंत्र कलतं आणि फाउंडेशनचे बोल्ट सैल होतात. एका बाजूला कललेला लेग प्रेस एकाच गुडघ्याला जास्त भार देतो. सांध्याजवळ वेल्डिंगला भेग किंवा गंजाची रेघ दिसली तर बसू नका. बेअरिंग कोरडं पडलं की किरकिरतं आणि हालचाल अडखळत होते, त्या अडखळण्यातच खांद्याला हिसका बसतो. आपटताना ठण्ण आवाज आला तर रबरी बफर गेलाय, तिथे बोट चेपतं. पाइपाच्या टोकाची टोपी निघाली असेल तर आत डोकावूनच हात लावा, गांधीलमाश्यांना अशी पोकळी फार आवडते. पदर, ओढणी, धोतराचा सोगा खोचून घ्या. मागे पट्टा नसलेल्या चपला घालून कुठल्याही यंत्रावर चढू नका.

वेळ खानदेशात महत्त्वाची. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो आणि सकाळी नऊच्या आतच पाइपाला हात लाववत नाही. म्हातारपणी तहान उशिरा लागते आणि घामही कमी येतो, म्हणजे शरीर तापतं पण सांगत नाही. त्या दोन महिन्यांत साडेपाच ते सात, निघण्याआधी एक पेला पाणी, आल्यावर मीठ घातलेलं ताक. रक्तदाब असेल तर मीठ वगळून. डिसेंबर-जानेवारीत उलट. धुळ्याची थंडी हाडात शिरते, गारठ्यात रक्तवाहिन्या आकसून दाब चढतो. तेव्हा ऊन पडल्यावर साडेसात-आठला जा आणि आधी दहा मिनिटं चाला.

मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशा रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर नाडी फारशी वाढतच नाही, त्यामुळे घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, हे माप पुरेसं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी घेणाऱ्यांनी साखर ९०-१०० च्या खाली असेल तर आधी केळं खावं, ते आपल्याकडे कमी नाही. दाब बसल्या जागी १८० वर ११० च्या पुढे असेल त्या दिवशी यंत्रं बंद. डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाने रक्तस्राव झालेला असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं असेल किंवा हर्निया असेल, तर आधी डॉक्टर. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच बसा आणि शेजारच्याला हाक मारा. याच कारणाने निर्मनुष्य वेळी एकट्याने जाऊ नये.

आठवड्याचं गणित साधं: सोमवार आणि गुरुवार लेग प्रेस, पुलर, चेस्ट प्रेस, शेवटी बार. बाकी दिवस चालणं आणि दहा मिनिटं तोलाचा सराव. यंत्रांचे दिवस सलग नकोत, स्नायू भरून यायला वयानुसार जास्त वेळ घेतो. आणि तो भरायला माल लागतो. दर किलो वजनाला रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम, मूत्रपिंडाचा आजार नसेल तर. संध्याकाळी नुसती खिचडी खाऊन हे जमत नाही. उडीद घातलेली कळण्याची भाकरी, दोन वाट्या घट्ट वरण, मोड आलेली मटकी, ताक-दूध, चालत असेल तर अंडी, असं तिन्ही वेळा विभागून घ्यावं. आजारपणात अंथरुणावर पडणं शक्य तितकं कमी ठेवा. निरोगी वृद्धांनी दहा दिवस पडून राहिल्यावर नुसत्या पायांतलं जवळपास एक किलो मांस गेल्याचं मोजलं गेलं आहे.

वॉर्डात नवी ओपन जिम बसणार असेल तर नगरसेवकाकडे मागणी करताना यादी बदलून द्या. दोन ट्विस्टर आणि दोन एअर वॉकरऐवजी दोन लेग प्रेस, एक पुलर, कमरेइतक्या उंचीचे पॅरलल बार आणि १८ इंच उंचीचा, हात असलेला बाक. पाया काळ्या मातीच्या थराखाली मुरूम लागेपर्यंत खोदून घ्यावा, भोवती पेव्हर ब्लॉक एका पातळीत बसवावेत, पूर्वेला कडुनिंब लावावा. आणि टेंडरमध्ये वर्षातून दोनदा बोल्ट आवळण्याची, बेअरिंग तपासण्याची अट लिहून घ्यावी: एकदा पावसाळ्यानंतर, एकदा होळीच्या सुमारास.